भावकूला लागलं तरी काय

भावकूला काहीतरी लागलं आहे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. काय लागलं आहे, यावर मात्र ज्याचं त्याचं मत वेगळं. थोरला भाऊ रवळू म्हणायचा, बेळगावचं वारं लागलंय. वहिनी जयाबाई म्हणायची, कुणाची तरी नजर लागलीय. आणि आई रुक्माबाई दिव्यात तेल घालता घालता त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. ते भावकूला सगळ्यात जड जायचं.

तसं बघायला गेलं तर गडी दृष्ट लागण्यासारखाच होता. बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात लेथवर कायमची नोकरी, व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. अशा मुलाला मुली सांगून येणार नाहीत तर कुणाला येणार? खानापूरकडच्या आल्या, बेळगावच्या आसपासच्या आल्या, एक तर थेट निपाणीहून आली. भावकू जायचा, पोहे खायचा, आणि परतताना बसमध्येच ‘नको’ म्हणायचा. का नको, ते त्याला सांगता यायचं नाही. मुलीत खोट नसायची. खोट असलीच तर ती आपल्यातच असणार, असं त्याला वाटायचं आणि मग त्याचा पाय घरात ठरायचा नाही. अर्ध्या जेवणावरून उठायचा. सायकल बाहेर काढायचा, तिच्याकडे बघत उभा राहायचा, पुन्हा आत ठेवायचा. रवळू वैतागून म्हणायचा, “आरं, एक तर जा न्हायतर बस!”

खरी गोष्ट अशी की आपल्याला काय झालंय हे भावकूला चांगलं ठाऊक होतं. त्याला म्हणतात काय, तेवढंच ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला कारखान्याच्या मालकानं यंत्रांच्या पूजेसाठी बेळगावच्या शहापुरातून यल्लम्माचं गाणं म्हणणारी मंडळी बोलावली होती. भावकू वाकून आपल्या लेथला हळदकुंकू लावत होता, तोच मागं एका तारेचं चौंडकं वाजलं आणि गाणं सुरू झालं. आवाज खर्जातला, भरदार. हा कोण गडी एवढं चांगलं गातोय, म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर गडी नव्हताच. हिरव्या काठाची साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, आणि ती टोपली हात न लावता तोलत गाणारी एक उंच बाई. गाता गाता तिचं लक्ष भावकूकडे गेलं आणि तिला हसू आलं, कारण हा बाबा लेथ सोडून आपल्याच शर्टाला कुंकू लावत होता.

ती सुलाआक्का. जन्मली तेव्हा आईबापांनी नाव यल्लाप्पा ठेवलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात तिच्या अंगात यायला लागलं, साडीवाचून चैन पडेना, तेव्हा घरच्यांनी सौंदत्तीला नेऊन देवीपुढं लाल-पांढऱ्या मण्यांची माळ तिच्या गळ्यात घातली. मोती बांधले म्हणतात त्याला. मोती बांधले की माणूस यल्लम्माचं झालं. त्याला जोगप्पा म्हणतात. आमच्याकडे लोक जोगप्पाला आक्का म्हणून पाया पडतात, दारात आली की सुपातून जोंधळे घालतात, पोरांच्या कपाळी तिच्या हातचा भंडारा लावून घेतात. आणि तिची पाठ वळली की जे बोलतात ते लिहिण्यासारखं नसतं. दोन्ही करणारी माणसं एकच असतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

त्यानंतर भावकूला शहापुरात कामं निघायला लागली. सुला तिच्या गुरूबरोबर, म्हाताऱ्या तानीबाईबरोबर, एका मागाच्या कारखान्यामागच्या खोलीत राहायची. देवीच्या कामाचे दिवस सोडले तर दारात रहाट घेऊन विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची. भावकू समोरच्या दगडावर बसायचा. आधी म्हणाला, आईसाठी साडी बघायला आलतो. मग म्हणाला, सायकल पंक्चर झालती. पुढे पुढे कारण सांगायचं राहून गेलं.

एकदा सुलानंच विचारलं, “माझ्याकडं येनारी मानसं दोन तऱ्हंची. येकाला माझ्यात देवी दिसती, येकाला तमाशा. तुला काय दिसतंय?”

“मला बाई दिसती,” भावकू म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

सुलाच्या हातातला रहाट थांबला. मग ती तो जोरात फिरवायला लागली, आणि धागा तुटला.

पुढच्या खेपेला त्यानं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. तिनं घेतल्या नाहीत. “माझ्या हातात बांगड्या यल्लम्माच्या नावानं भरलेल्या हाईत. दुसऱ्या कुनाच्या नावाच्या चालत न्हाईत,” म्हणाली, आणि हात पदराखाली घेतले. भावकूनं बांगड्या घरी नेऊन ट्रंकेत शर्टाखाली ठेवल्या. टाकून द्यायचं धाडस झालं नाही.

शेजारच्या लेथवरचा कल्लाप्पा हा त्याचा एकुलता एक दोस्त. त्याला भावकूनं शेवटी सगळं सांगितलं. कल्लाप्पानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि पंचांसारखा प्रश्न टाकला.

“म्हंजे तू बी त्यातलाच?”

“न्हाय रं. मला न्हाय साडी नेसावी वाटत.”

“मग बाप्यावर मन जातंय तुझं?”

“तुझ्याकडं बघून तर कवा गेलं न्हाय.”

“माझं जाऊ दे. बायकांकडं बघून काय वाटतच न्हाय का?”

“वाटतंय की. पयल्यांदा लई वाटायचं. आता तिच्याफुडं दुसरं कोन दिसंना, तेवढंच.”

कल्लाप्पानं डोकं खाजवलं. “आयला, मग तुला म्हनायचं तरी काय?” आणि मित्राचं तोंड उतरलेलं पाहून म्हणाला, “ऱ्हाऊ दे रं. आपलं गाव कुठल्या राज्यातलं ह्येच अजून ठरंना, तुझं कुठं येवढ्यात ठरतंय?”

भावकू हसला, पण समाधान झालं नाही. कँटीनमध्ये एकदा भजी बांधून आलेल्या मासिकाच्या कागदावर एका डॉक्टरनं वाचकांना दिलेली उत्तरं होती. त्यात एक लांबलचक संस्कृत शब्द होता, पुरुषाला पुरुषाचं आकर्षण वाटण्याबद्दलचा. भावकूनं तो तेलकट कागद दोनदा वाचला. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून बघावा तसं त्यानं ते स्वतःला लावून बघितलं. कुठेच बसेना. तो पुरुष खरा. पण सुला पुरुष कुठे होती? आणि सुला बाई, असं म्हणावं तर सगळा गाव हसला असता. मग आपण जगात एकटेच असे निपजलो की काय, या विचारानं तो रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायचा. एकटेपणाची भीती वाईट. तो एकटेपणाला फार भ्यायचा.

त्यात ते केसांचं झालं.

तेव्हा सिनेमातल्या नटासारखे कान झाकणारे केस ठेवायची टूम होती, आणि भावकूनंही ते ठेवले होते. पण प्रेमात पडल्यापासून त्याचं ना अंघोळीत लक्ष, ना फणीत. लेथवर दिवसभर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी पूड उडायची, तेलाचे हात डोक्यावरून फिरायचे. मानेजवळच्या केसांत एक गाठ झाली, गाठीची गुठळी झाली. एका रविवारी रुक्माबाई त्याच्या डोक्यावर पाणी घालायला गेली आणि तिच्या हाताला ती गुठळी लागली. तांब्या तसाच खाली ठेवून ती मटकन बसली.

“जट,” ती म्हणाली. “माझ्या लेकाला जट आली.”

आमच्या भागात केसांत जट येणं म्हणजे यल्लम्माचा सांगावा. ती विंचरायची नाही, कापायची नाही. जयाबाईनं सासूला धीर देता देता ट्रंक उघडली आणि हिरव्या बांगड्या निघाल्या. मग सगळ्यांना सगळं लख्ख दिसलं. मुलींना नकार. जेवणावर वासना नाही. शहापूरला जोगप्पाच्या दारात जाऊन बसणं, ज्याची कुजबुज घरापर्यंत आली होती. पोराला देवी लागली होती, आणि घरच्यांना एवढे दिवस कळलं नव्हतं!

भावकू सांगत होता की ती बिडाची पूड आहे. कोण ऐकतंय? रुक्माबाई रडली, पण त्या रडण्यात सुटकाही होती. पोर बिघडलेलं नव्हतं, त्याला देवीनं मागितलं होतं. रवळूसुद्धा एकाएकी मऊ झाला; धाकट्याला ‘अरे-तुरे’ करताना अडखळायला लागला. शेजारच्या बायका येऊन लांबून हात जोडून जायला लागल्या. इतके दिवस ज्या घरात त्याला उठताबसता बोलणी बसत होती, तिथं त्याच्यासाठी पाट मांडला जायला लागला. तानीबाईला निरोप गेला: येऊन बघा, आणि देवीच असेल तर सौंदत्तीला नेऊन मोती बांधा.

कल्लाप्पाला यात सोनंच दिसलं. “लेका, नशीब काढलंस! घे बांधून मोती. घरचं कोन बोलनार न्हाय, गाव पाया पडंल, आनि तिच्या खोलीत ऱ्हायला मिळंल. आनि काय पायजे?”

भावकूला तो विचार पटला. पटला म्हणजे काय, तो त्याला चिकटलाच. त्याच विचारात त्यानं लेथवरचा एक जॉब वाया घालवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाता शहापूर गाठलं. तानीबाई बाहेर गेली होती. सुला रहाटाशी होती. तिला निरोपाची खबर होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“मी व्हय म्हनतो,” भावकू उभ्याउभ्याच म्हणाला. “मोती बांधून घेतो. मग कोन आपल्याला अडवंल?”

“बस,” सुला म्हणाली. तो बसला. “मोती बांधले की तू तानीआक्काचा शिष्य. मी बी तिचीच. म्हंजे आपून भैनी. मला आक्का म्हनायचं आनि पाया पडायचं. आता बघतोस तसं बघायचं न्हाय.”

“चोरून बघीन.”

“देवीफुडं?” तिचा आवाज चढला. “आरं, तुला ह्ये सोंग वाटतंय का? साडी नेसून गावातनं पयल्यांदा गेले तवा पोरांनी धोंडं मारली मला. बापानं वर्सभर तोंड बघितलं न्हाय. येवढं सोसून मी मला गावले. आनि तू माझ्याजवळ बसाय मिळावं म्हनून खोटं नेसनार?”

भावकूला शरम वाटली. “मग काय करू? न्हाय म्हनू?”

सुलानं भरलेली कांडी रहाटावरून उतरवली. “मला इचारू नगंस,” ती म्हणाली. “मी काय बी सांगितलं तर त्यात माझा सवार्थ हाय.”

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. तो उठून चालायला लागला, पण घराकडे न जाता गल्ल्यागल्ल्यांतून नुसता फिरत राहिला. ‘माझा स्वार्थ आहे’ म्हणजे काय, हे कळायला त्याला अख्खं शहापूर पालथं घालावं लागलं. कळलं तेव्हा आनंद झाला, आणि आनंदापेक्षा भीती जास्त झाली.

ठरलेल्या दिवशी तानीबाई आली, बरोबर सुला. रवळूनं दोघींच्या पाया पडून त्यांना अंगणात घेतलं. अंगणात सडा घातला होता. अर्धा गाव कुंपणाशी उभा. रुक्माबाईनं आपली ठेवणीतली साडी घडी मोडून पाटावर ठेवली होती, लेकासाठी. ती साडी पाहून भावकूला भडभडून आलं. आई त्याला असाही पदरात घ्यायला तयार होती. फक्त तो असा नव्हता.

तानीबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, डोक्यावर देवीची परडी दिली आणि चौंडकं वाजवायला घेतलं. म्हणाली, “सुला, म्हन.”

सुला गायला लागली. तोच खर्जातला आवाज. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे फक्त त्यालाच कळत होतं. पहिल्या कडव्याला त्याच्या हाताची बोटं हलली, दुसऱ्याला गुडघे, आणि मग सगळं अंग पान हलावं तसं थरथरायला लागलं. थांबवू म्हणता थांबेना.

“आली! आई आली!” कुंपणाशी गलका झाला. बायकांनी लोटांगणं घातली. रवळूनं हात जोडले. रुक्माबाई रडत साडी घेऊन पुढं आली, आणि जयाबाई त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, “आक्का, पदरात घ्या.”

आक्का. तो शब्द भावकूच्या अंगावर पाल पडावी तसा पडला. सुलाला जो शब्द पांघरुणासारखा ऊब देत होता, त्यानं त्याचा जीव गुदमरला. आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, गाणं थांबलं होतं. सुला मधेच गप्प झाली होती आणि आता त्याच्याकडे बघत होती. सगळ्यांदेखत, डोळे भरून.

त्यानं डोक्यावरची परडी दोन्ही हातांनी उतरवली. कपाळाला लावली. तानीबाईच्या हातात दिली.

“मला देवी न्हाय लागली,” तो म्हणाला. “मी हिच्या गान्यानं थरथरलो. मला ही आवडती. त्या बांगड्या हिच्यासाठी आनल्यात्या.”

लोटांगण घातलेल्या बायका लगालगा उठल्या. मग रवळू पुढं झाला. थोड्या वेळापूर्वी जोडलेले त्याचे हात आता वळले होते.

“आरं, बाप्या हाय त्यो!”

“तू आत्ता त्याच बाप्याच्या पाया पडलास की, अन्ना,” भावकू म्हणाला. हे धाडस कुठून आलं ते त्यालाच कळलं नाही.

“मग तू कोन? तुला काय म्हनायचं रं लोकांनी?”

“त्ये मला बी सापडंना. लई शोधलं. काय बी म्हना. पर देवीच्या नावानं खोटं न्हाय बोलनार मी.”

रवळूनं हात उगारला. मधे तानीबाई आली. म्हातारी ठेंगणी, पण तिच्यापुढं रवळूचा हात वरच राहिला. तिनं भावकूची मान वाकवली, ती गुठळी चिमटीत धरली, बोटांचा वास घेतला. “मशिनीचं तेल हाय ह्ये. रॉकेल आना.” आणि अख्ख्या गावादेखत तिनं रॉकेलचा बोळा लावून ती जट सोडवली. हात पुसत ती रुक्माबाईला म्हणाली, “यल्लम्माआईनं ह्याला मागितलेलं न्हाय. सौंदत्तीला न्हेऊ नगा.” मग भावकूकडे वळली. “खरं बोललास, देवी तुझं बरं करंल. पर आमच्या दारात पुन्यांदा पाय ठिवू नगंस.”

परडी उचलून ती निघाली. सुला तिच्यामागून गेली. वाटेत कुणी तिच्या पाया पडलं नाही.

अंगण रिकामं झालं. रुक्माबाई साडीची पुन्हा घडी घालत बसली होती. भावकू तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. डोक्याला रॉकेलचा उग्र वास येत होता.

“आई, रागावलीस?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. “देवी लागली आसती तर तिच्या पाया पडून तुला सोडवून आनलं आसतं रं,” ती म्हणाली. “आता मी कुनाच्या पाया पडू?”

भावकूनं साडीचं दुसरं टोक धरून घडीला हात लावला. रवळूनं त्याची ट्रंक बाहेर आणून ठेवली. ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून तो मच्छ्याला कल्लाप्पाच्या खोलीवर गेला. कल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं. शिव्या घातल्या आणि चहा केला.

दोनचार दिवस भावकू कामावर गेला, आला, गेला, आला. मग एका दुपारी त्याचा धीर सुटला. शहापुरात शिरताना लोक वळून बघत होते; बातमी त्याच्याआधी पोचली होती. सुला दारात रहाटाशी होती. तानीबाई दिसत नव्हती. तो नेहमीच्या दगडावर न बसता गल्लीतच उभा राहिला.

“नुसतं ‘देवी न्हाय’ म्हनला आसतास तरी भागलं आसतं,” सुला वर न बघता म्हणाली. “बाकीचं कशाला बोललास?”

“तेवढंच म्हनलो आसतो तर फुडच्या आठवड्यात परत पोरगी दावली आसती. आनि…”

“आनि काय?”

“तू गायची थांबलीस.”

तिनं रहाट सोडला, तसा धागा तुटला. पदरानं तोंड पुसायला घेतलं आणि पुसतच राहिली. ती रडत होती, हे त्याला उशिरा कळलं. पुढं व्हावं की मागं, त्याला सुचेना.

“मोती बांधल्यापासनं सगळी माझ्याकडं मागत आल्यात,” ती म्हणाली. “कुनाला ल्योक पायजे, कुनाला पाऊस, कुनाचं दुखनं बरं व्हायला पायजे. मला कुनी मागितलं न्हवतं.”

माग खटखटत होते. कुणीतरी पलीकडून तिला कांड्या झाल्या का म्हणून कानडीत हाक मारली. तिनं तशीच कानडीत ‘आणते’ म्हणून ओ दिली आणि डोळे कोरडे केले.

“जा आता. तानीआक्का येईल.”

“परत कवा येऊ?”

सुलानं तुटलेल्या धाग्याची टोकं जुळवली, बोटांनी पीळ दिला.

“मंगळवार-शुक्रवार देवीचं हाईत,” ती म्हणाली. “त्या दिवशी येऊ नगंस.”

बाकीच्या दिवसांबद्दल ती काही बोलली नाही.